द्राक्षांचा कंटेनर : बांधापासून रॉटरडॅमपर्यंत

फेब्रुवारी उजाडला की निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या शिवाररस्त्यांवर लांबलचक पांढऱ्या पेट्या वाहणारे ट्रेलर दिसू लागतात. ४० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. तोंडाला पंख्याची जाळी आणि सोबत घरघरणारा जनरेटर. शाळेतली पोरे थोडे अंतर मागे पळतात. पारावरची म्हातारी माणसे विचारतात, "यात काय चाललंय रे?" उत्तर ठरलेले, "द्राक्षं. परदेशात."

मागे एका हंगामात असाच एक ट्रेलर आमच्या तालुक्यातील एका गावाच्या वळणावर दोन तास अडकला. वर विजेच्या तारा लोंबलेल्या, कडेला बाभळीची फांदी आडवी आलेली. ड्रायव्हर परप्रांतातला, तो पुढेही जाईना आणि मागेही घेईना. शेवटी दोघांनी बांबूने तारा उचलल्या (हे अत्यंत चुकीचे आहे, कोणीही करू नये) आणि गाडी पॅकहाऊसला लागली. भरणी उशिरा झाली, पुढे कसारा घाटात रांग लागली आणि बंदरावर माल आत घेण्याची वेळ टळून गेली. त्या आठवड्याचे जहाज हुकले. जहाज कोणासाठी थांबत नाही. पुढचे जहाज आठवड्याने. तोवर पेटी बंदरात विजेच्या प्लगवर उभी, तिचे भाडे वेगळे आणि आत द्राक्षांचे वय रोज एकेक दिवसाने वाढते आहे.

या प्रसंगानंतर अनेक शेतकऱ्यांनी मला विचारले, "साहेब, कंटेनर तर थंड असतो, मग एवढी घाई कशाची?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे.

कंटेनर थंड करीत नाही

लोखंडी पेटीत माल भरायचा आणि पेटीसकट जहाजावर चढवायचा, ही युक्ती अमेरिकेतल्या माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याची. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' या त्याच्या जहाजावरून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेल्या. आपल्याकडे न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि १९९१ साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ ठेचा लागल्या. आज आपल्या भागातला साधा दोन एकरवाला बागायतदारही युरोपच्या बाजाराची भाषा बोलतो, त्यामागे त्या ठेचा आहेत.

पण रेफर कंटेनर, म्हणजे वातानुकूलित पेटी, हे शीतगृह नव्हे. त्यातील यंत्र आत भरलेल्या मालाचे तापमान फक्त टिकवून धरते. गरम माल थंड करण्याची ताकद त्याच्यात जवळजवळ नसते. घरच्या फ्रीजमध्ये गरम भाजीचे पातेले ठेवून बघा. भाजी निवायला रात्र जाते आणि शेजारचे दूधही कोमट होते. इथे तर पातेले तेरा टनांचे आहे. चाळीस फुटी पेटीत साधारण तेवढाच माल बसतो. पाच किलोच्या पेट्या धरल्या तर अडीच हजारांच्या वर बॉक्स, वीसेक पॅलेटवर रचलेले.

त्यामुळे खरा प्रवास सुरू होतो तो घडाला कात्री लागते तेव्हा. तोडणी पहाटे, ऊन चढण्याआधी. मणी स्वतः गार असतो तोवर घड उतरवावा. क्रेटमध्ये तळाला बबल शीट, वर सावली आणि चार ते सहा तासांच्या आत माल प्री-कूलिंगला. तिथे जोरात गार हवा ओढून मण्याचे तापमान सहा ते आठ तासांत चार अंशांच्या खाली आणायचे. मण्याचे म्हणतो, खोलीचे नव्हे. खोलीचा काटा दोन अंश दाखवतो आणि पेटीच्या मध्यातला मणी बारा अंशावर असतो, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. मण्यात खुपसायचा थर्मामीटर मिळतो, त्याची किंमत फवारणीच्या एका बाटलीपेक्षा कमी आहे. गटाने एक तरी घ्यावा आणि तो पॅकहाऊसवाल्याच्या हातात न देता आपल्या खिशात ठेवावा.

गंधकाचा कागद, ज्याला आपण ग्रेप गार्ड म्हणतो, तो मणी गार झाल्यावरच घालायचा. गरम मालावर कागद ठेवून पिशवी बंद केली की आत घाम सुटतो, ओलाव्याने गंधकाचा वायू एकदम बाहेर पडतो आणि देठाजवळचे मणी पांढरे पडतात. तोच वायू हळूहळू सुटला तर बुरशीपासून राखण करतो, एकदम सुटला तर माल भाजतो.

पेटीच्या आतली हवाही समजून घ्यावी. यंत्रातून गार हवा खाली, तळाच्या खाचांतून दारापर्यंत जाते, बॉक्सच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे येते. म्हणून बॉक्स असे रचायचे की भोकावर भोक यावे. भिंतीवर लाल रेघ असते, तिच्या वर माल चढवायचा नाही. दाराजवळ तळ उघडा राहिला तर हवा सोपी वाट धरून तिथूनच वर निघते, मधल्या पॅलेटना काही मिळत नाही. हमालांना हे कोणी सांगत नाही. त्यांना लवकर गाडी भरून घरी जायचे असते, त्यात त्यांची चूक नाही. शेतकऱ्याने भरणीच्या वेळी दोन तास तिथे उभे राहावे, एवढेच माझे म्हणणे.

पाच जणांचा एक कंटेनर

निर्यातीच्या प्रतीचा माल प्रत्येक घडातून निघत नाही. १६-१८ मिलिमीटरच्या वरचा मणी, डाग नाही, गोडी पुरेशी, देठ हिरवा. त्यामुळे लहान बागायतदाराचा एकट्याचा कंटेनर सहसा भरत नाही. चार-पाच जणांचा माल एकत्र होतो आणि एकाची चूक पाचांच्या गळ्यात पडते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडील पाच जणांच्या एका गटाचे असेच झाले. चौघांचा माल सकाळी साडेनऊच्या आत पॅकहाऊसला पोचला. पाचव्याच्या घरी लग्न होते, मजूर उशिरा आले. तोडणी दहाला सुरू झाली ती दीडपर्यंत चालली. ट्रॉलीवर ताडपत्री नव्हती. पॅकहाऊसच्या दारात रांग होती, त्यात चार वाजले. मी योगायोगाने तिथे होतो. थर्मामीटर खुपसला तर मण्याचे तापमान ३२ अंश. मी म्हटले, हा माल आज भरू नका. पण कंटेनर दारात उभा, बंदरावरची वेळ ठरलेली आणि घरी मांडव पडलेला. माझे कोणी ऐकले नाही. मीही फार ताणले नाही, हे कबूल करतो. रात्री अर्धवट गार झालेला तो माल दाराकडच्या चार पॅलेटवर चढला.

रॉटरडॅमला दार उघडले तेव्हा त्या चार पॅलेटवर देठ तपकिरी, मणी गळलेले, काही ठिकाणी बुरशी. खरेदीदाराने फोटो पाठवले आणि सबंध कंटेनर दुय्यम प्रतीत धरला. आतमध्ये ठेवलेल्या तापमापक यंत्राची, म्हणजे डेटा लॉगरची, पट्टी काढली तर पहिले अडीच दिवस आतली हवा गार व्हायला धडपडत होती, हे स्पष्ट दिसत होते. जहाज कंपनीने हात वर केले आणि तिचे बरोबर होते. पाचांचेही पैसे बुडाले नाहीत, पण स्थानिक बाजारात विकला असता तर जास्त आले असते. त्या गटात दोघे साडू होते. ते अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत.

वैशाखात फवारलेले फाल्गुनात सापडते

आता कागदांकडे वळू. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच जास्त माल अडतो.

युरोपला द्राक्षे पाठवायची तर बागेची नोंदणी कृषी खात्याकडे दरवर्षी करावी लागते. सातबारा, बागेचा नकाशा, अर्ज. आता हे ऑनलाइनही होते. नोंदणी झाली की बागेला क्रमांक मिळतो आणि अपेडाच्या 'ग्रेपनेट' या व्यवस्थेत तो क्रमांक बागेपासून बॉक्सपर्यंत माग ठेवतो. ही व्यवस्था २००६ साली सुरू झाली. म्हणजे लंडनच्या दुकानात एखाद्या पुडक्यात औषधाचा अंश सापडला तर ते पुडके कोणत्या गावातल्या, कोणत्या गटातल्या बागेतले, हे बसल्या जागी कळते. त्यानंतर प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो, उर्वरित अंशाची तपासणी होते, अ‍ॅगमार्कचा दाखला मिळतो आणि शेवटी रोग-कीडमुक्तीचा फायटो दाखला. लाकडी पॅलेटवरही उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. गव्हाच्या कणसाचे चित्र आणि 'आयपीपीसी' अशी अक्षरे. तो नसला तर आत कितीही चांगली द्राक्षे असोत, लाकडापायी माल अडू शकतो.

२०१० सालचा धडा मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. त्या हंगामात आपली द्राक्षे युरोपात उतरली आणि तिथल्या तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपले सीसीसी, सापडले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते त्या वेळी नव्हतेच, म्हणून इथले अहवाल स्वच्छ आणि तिथे माल अडलेला. कंटेनर बंदरात पडून राहिले, दर कोसळले, कित्येक निर्यातदार आणि त्यांच्यामागे शेतकरी कर्जात गेले.

सीसीसी आपण केव्हा मारतो? खरड छाटणीनंतर, वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून. म्हणजे एप्रिल-मेच्या सुमाराला. तेव्हा वेलीवर एक मणीही नसतो. ते औषध वेलीच्या लाकडात राहिले आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या घडात उतरले. त्यानंतर ते तपासणीच्या यादीत आले. पण शेतकऱ्यांच्या डोक्यात मात्र अजूनही 'काढणीआधी एवढे दिवस फवारू नये' हाच एक नियम आहे. तो नियम बरोबर आहे, पुरेसा नाही. फवारणीची वही खरड छाटणीच्या दिवसापासून लिहायला हवी. आमच्याकडे बहुतेक वह्या जानेवारीत एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेल्या असतात. तपासणाऱ्याला ते कळत नाही असे समजू नये. मला तर शाईवरून कळते.

समुद्रातले दिवस

न्हावाशेव्याहून सुएझच्या कालव्यातून रॉटरडॅमला पोचायला पूर्वी साधारण वीस ते पंचवीस दिवस धरीत. चांगली तयार केलेली, नीट गार केलेली द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास दीड-दोन महिने टिकतात. त्यामुळे तिकडे विक्रीला पुरेसे दिवस हातात राहत.

मार्च २०२१ मध्ये, ऐन आपल्या हंगामात, 'एव्हर गिव्हन' नावाचे जहाज कालव्यात आडवे अडकले आणि २३ ते २९ मार्च वाहतूक बंद राहिली. तेव्हा आठवडा गेला म्हणून आपण हळहळलो. पण नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी तो रस्ताच सोडला. २०२४ च्या हंगामात आपली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून गेली. वास्को द गामा ज्या वाटेने कालिकतला आला, त्याच वाटेने उलटी. प्रवास पस्तीस-चाळीस दिवसांवर गेला, भाडे भडकले. रिकाम्या पेट्याही वेळेवर परत येईनात.

इथे पाहा, किती दिवस आपल्या हातून निसटले. वीस दिवसांच्या प्रवासात तोडणीतली थोडी ढिलाई खपून जाते. मणी थोडा मऊ, देठ थोडा सुकलेला, पण विकला जातो. चाळीस दिवसांत तीच ढिलाई नागडी होते. काढणीआधी पाणी जास्त सोडून वजन वाढवलेला माल, संजीवकांचा मारा करून फुगवलेला मणी, पावसात भिजलेली बाग, असला माल लांबच्या वाटेला लावूच नये. त्यासाठी आखात आहे, बांगलादेश आहे, आपली दिल्ली-कोलकाता आहे. सगळाच माल युरोपला गेला पाहिजे हा हट्ट व्यापाऱ्याचा नसतो, तो बहुधा आपला असतो. शेजाऱ्याचा गेला म्हणून.

सही करण्याआधी

जहाज कंपनी माल घेतल्याची जी पावती देते, ती बिल ऑफ लेडिंग. कंटेनर आपणच भरून, सील करून देतो, म्हणून त्या पावतीवर बहुधा असे लिहिलेले असते की माल पाठवणाऱ्याने स्वतः भरला, रचला आणि मोजला. याचा अर्थ, आत काय आहे आणि कसे आहे याची जबाबदारी आम्ही घेत नाही, असे कंपनी आधीच सांगून ठेवते. म्हणून सीलचा नंबर, बंद करतानाचे फोटो, मण्याच्या तापमानाची नोंद आणि डेटा लॉगरचा नंबर, या चार गोष्टी शेतकऱ्याच्या वहीत असाव्यात. भरलेल्या पेटीचे प्रत्यक्ष वजन जाहीर करणे जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचे आहे, त्या वजनपावतीची नक्कलही मागून घ्यावी.

विम्याबद्दल लोकांची समजूत अशी की हप्ता भरला म्हणजे सगळे भरून मिळेल. सागरी विम्याच्या नेहमीच्या अटींत दोन गोष्टी वगळलेल्या असतात. एक, मालाच्या अंगभूत दोषामुळे झालेले नुकसान. दुसरी, नुसत्या उशिरामुळे झालेले नुकसान. म्हणजे जहाज वळसा घालून गेले आणि द्राक्षे म्हातारी झाली, तर त्या एका कारणासाठी भरपाई मागता येत नाही. युद्धाच्या धोक्याचे संरक्षणही वेगळे घ्यावे लागते. परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर त्यासाठी ईसीजीसीचा विमा निराळा आहे, आणि तो निर्यातदाराने घेतला आहे की नाही हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सगळ्यांत महत्त्वाचे, माल कोणत्या बोलीवर चालला आहे? बांधावर ठरलेल्या दराने विकला असेल तर पुढची जोखीम निर्यातदाराची. किमान हमी दर असेल तर थोडी त्याची, थोडी आपली. कमिशनवर पाठवला असेल तर रॉटरडॅमच्या बाजारात शेवटचा बॉक्स विकला जाईपर्यंत माल आपला आणि जहाजभाडे, हाताळणी, पुन्हा पॅकिंग, कमिशन हे सगळे वजा होऊन जे उरेल ते आपल्याला. कधी काही उरतही नाही. शेतकऱ्याला बहुधा एवढेच आठवते की "अमुक रुपये किलो म्हणाला होता." म्हणाला होता आणि लिहून दिले होते यांत काय फरक आहे, ते आपल्याकडच्या अनेक घरांना चेक न वटल्यावर समजले आहे. साध्या कागदावर का होईना, पण बोली, दर, पैसे देण्याची तारीख, दोन साक्षीदार. पाहुण्यातला निर्यातदार असेल तर जास्तच काळजीने लिहावे.

ग्रामपंचायतीचे काम

शेवटी गावाच्या कारभाऱ्यांसाठी थोडे. सातबाऱ्यावर द्राक्षाची नोंद नाही म्हणून नोंदणी अडलेली प्रकरणे दर हंगामात माझ्याकडे येतात. बाग उभी, कागदावर मात्र बाजरी. पीकपाहणी वेळेत झाली तर हे टळते. शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर ई-पीक पाहणी करायची आहे, पण ज्यांना जमत नाही त्यांना तलाठी आणि कृषी सहायकांनी हात द्यावा.

रस्त्याचे म्हणाल तर ट्रेलरवर ठेवलेला कंटेनर जमिनीपासून सुमारे चौदा फुटांच्या वर जातो. ज्या वाटेने पॅकहाऊसला गाडी जाते त्या वाटेवरच्या लोंबलेल्या तारा, वाकलेले खांब, आडव्या फांद्या आणि ट्रेलर वळणार नाही अशी वळणे यांची पाहणी जानेवारीतच करून घ्यावी. वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाकडे अर्ज देताना ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडली तर काम लवकर होते, असा अनुभव आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या वळणावर असाच अर्ज गेला आणि पुढच्या दिवाळीनंतर दोन खांब उंच झाले. बाभळीची फांदी मात्र अजून तशीच आहे, कारण ते झाड कोणाच्या बांधात आहे यावर दोन घरांचे एकमत झालेले नाही.